कथेचे पुनर्लेखन

कथेचे पुनर्लेखन : पहिला खर्डा झाल्यावर कथेची रचना, निवेदन व भाषा यांत केलेली फेरजुळणी. शुद्धलेखनाची तपासणी यात मोडत नाही.

मराठीत या शिस्तीचा उगम कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. लघुकथेचा आरंभ सामान्यतः ह. ना. आपटे यांच्या ‘करमणूक’ (१८९०) मधील स्फुट गोष्टींपासून मानतात. पण साप्ताहिकाच्या घाईत मजकूर घासूनपुसून घ्यायला कितपत सवड मिळत असेल, ही शंकाच आहे. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात ललितलेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. तिचा एक परिणाम असा, की कथा सुधारणे म्हणजे ती आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू व शेवट या साच्यात बसवणे, असा समज रूढ झाला. साधारणतः १९४५ नंतर नवकथेने (गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर) हा साचा मोडला. काहींना यात तंत्राचा त्याग दिसतो. तथापि कथानक सैल झाल्यावर शब्दांवरचा भार वाढला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. हे मासिक १९८२ मध्ये बंद पडले.

फेरलेखनात मुख्यतः लेखकाचे स्पष्टीकरण गळते. उदा., खर्ड्यातील वाक्य (तलावपाळी म्हणजे ठाण्यातील तळ्याकाठचा परिसर) : ‘बाबा गेल्यापासून मालतीला तलावपाळीला जाणे नकोसे वाटे.’ सुधारल्यावर : ‘“तलावपाळीवरून नको, मागून घ्या,” मालती रिक्षावाल्याला म्हणाली.’ भावनेचे नाव गेले, कृती आली. वडिलांचा उल्लेख मात्र पुढे कोठेतरी पेरावा लागतो. तो राहून गेल्यास वाक्य नुसतेच कोड्यात टाकते, आणि नवख्या लेखकांच्या कथांत हा दोष वारंवार आढळतो.

कथाकथनाचाही या संदर्भात विचार करावा लागतो. माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांच्या कार्यक्रमांनी कथा पुन्हा श्राव्य केली. मोठ्याने वाचताना कृत्रिम संवाद लगेच उघडा पडतो. ही कसोटी ग्रामीण व विनोदी कथेला मानवते, अंतर्मुख कथेला तितकीशी नाही.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ मध्ये, ‘महाराष्ट्र सारस्वत’ या मराठी वाङ्मयेतिहासाचे कर्ते वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने झाली. कथेचा मासिकातील पाठ व पुस्तकातील पाठ शेजारी ठेवून वाचणे, हा पुनर्लेखन शिकण्याचा जुना मार्ग आहे आणि त्यासाठी अशा संग्रहालयांना पर्याय नाही. ठाण्याशेजारची नवी मुंबई मात्र १९७० नंतर सिडको या सरकारी महामंडळाने वसवली, त्यामुळे मासिकयुगाचा वारसा तिला नाही. तेथील कथालेखकाची गाठ पडते ती बहुधा दिवाळी अंकाशी, आणि अंकासाठी कथा पावसाळ्यातच द्यावी लागत असल्याने फेरलेखनाला हाती उरतात ते वैशाख-ज्येष्ठ.