आधी मोतीबिंदू, मग पडदा

कोकणात गावोगाव डोळे तपासले जातात ते मुख्यतः मोतीबिंदूसाठी. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भर खुपऱ्या (पापण्यांच्या आतल्या बाजूचा संसर्ग) आणि मोतीबिंदूवर होता. त्या काळी तेच योग्य होतं. शिबिर, ऑपरेशन, काळा चष्मा ही घडी गावागावांत बसली आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसू लागलं.

योगायोगाने त्याच १९७६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेहात डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) उगवणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्यांमुळे नजर जाण्याचा धोका वेळीच लेसरसारखे किरणोपचार केले तर निम्म्याहून कमी होत होता. मात्र या उपचाराने आहे ती नजर टिकते, गेलेली सहसा परत येत नाही. आमच्याकडे तर मोतीबिंदूचं ‘पिकू दे, मग काढू’ हे घराघरांत मुरलेलं. पडद्याच्या बाबतीत हे थांबणं फार महागात पडतं, कारण सुरुवातीला ना दुखतं, ना अंधुक दिसतं.

मधुमेह-रक्तदाबाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २०१० मध्ये. पडद्याला धोका कशाने वाढतो हे तोवर पक्कं झालं होतं: मधुमेह किती वर्षांचा, साखर किती चढी, मूत्रपिंडाची अवस्था काय. आणि रक्तदाब! १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवलेल्यांत पडद्याचा बिघाड वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. रक्तदाब, साखर, लघवीतलं प्रथिन या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्याच. म्हणजे कोणाचा पडदा धोक्यात आहे याचा अंदाज गावातच येतो. टाइप २ मधुमेह निघाला की लगेच आणि पुढे साधारण दरवर्षी पडदा बघायला हवा, हे मात्र रुग्णाला कोणी तरी ठासून सांगायला हवं.

सांगितलं तरी जाणं सोपं नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं दिसत नाही, ऊन डोळ्यांत खुपतं. एसटीची पाटीही वाचता येत नाही, म्हणून सोबतीला माणूस लागतो, आणि त्याचाही रोज बुडतो. घरातले तरुण मुंबईत असले तर आजीला नेणार कोण?

म्हणून पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आरोग्य केंद्रात हवा. पुष्कळांना त्यासाठी थेंब लागत नाहीत आणि फोटो जिल्ह्याला बसून तज्ज्ञ वाचू शकतो. ज्यांचा मोतीबिंदू वाढलाय त्यांचा फोटो मात्र धूसर येतो. त्यांना थेट नेत्रतज्ज्ञाकडेच धाडावं लागतं.