स्कॉटिश बॉनेट

स्कॉटलंडमधील पुरुषांच्या कड नसलेल्या पारंपरिक लोकरी टोपीला ‘बॉनेट’ असे म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दाने मोटारीचे झाकण आठवते, तर इंग्लंडात तो हनुवटीखाली बांधायच्या बायकांच्या टोपीसाठी रूढ आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र तो शेतकरी, सैनिक आणि कुळाचा प्रमुख या तिघांच्याही शिरोभूषणाला लागू होतो. बॅलमोरल, ग्लेनगॅरी आणि टॅम ओ’शँटर हे तिचे आजचे प्रमुख प्रकार असून त्या सर्वांचे मूळ एकाच साध्या निळ्या टोपीत आहे.

ही निळी बॉनेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रुळलेली होती. 1598 मध्ये स्कॉटलंडला आलेल्या फाइन्स मॉरिसन या इंग्रज प्रवाशाने तेथील शेतकऱ्यांच्या पसरट निळ्या टोप्यांची नोंद केली आहे. टोपी सुयांवर अखंड गोल विणली जाई, पण डोक्याच्या मापाची नव्हे, तर चांगली मोठी. मग ती ओली करून कुटत. कुटल्याने लोकर आटून नमद्यासारखी दाट होई आणि विणीचे टाके दिसेनासे होत. त्यानंतर काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर लव काढली जाई. अशा टोपीतून पावसाचे पाणी सहज झिरपत नसे, आणि त्या हवामानात तिचा खरा गुण हाच होता. निळा रंग आधी वोड या वनस्पतीपासून व पुढे नीळ वापरून मिळवत. टोपीच्या पट्टीतून ओवलेली फीत मागे बांधून माप कमीजास्त करता येई. आजच्या टोप्यांमागे लोंबणाऱ्या दोन फिती हा तिचाच अवशेष आहे. डंडी, किल्मार्नॉक आणि स्टूअर्टन येथे बॉनेट विणणाऱ्यांचे संघ होते. स्टूअर्टनला आजही ‘बॉनेट टून’, म्हणजे टोप्यांचे गाव, म्हणून ओळखतात.

1745 च्या जॅकोबाइट उठावात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या बंडात, बंडखोरांनी निळ्या बॉनेटवर पांढऱ्या फितीचे फूल लावले, तर राजपक्षाने काळे. बंड मोडल्यावर 1746 मध्ये झालेल्या कायद्याने हायलंड या डोंगराळ भागातील पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा होती. कायद्यात नाव घेऊन सांगितलेल्या वस्त्रांत बॉनेट नव्हती, आणि ते स्वाभाविकही होते, कारण सखल प्रदेशातील शेतकरीही तीच टोपी घालत असे. हा कायदा 1782 मध्ये रद्द झाला.

पुढचे रूपांतर मुख्यतः पलटणींनी घडवले. होडीसारखी दुमडणारी ग्लेनगॅरी ही टोपी ग्लेनगॅरीचा कुळप्रमुख अलेक्झांडर मॅकडोनेल याने 1822 मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला त्या सुमारास, प्रचारात आणली असे परंपरेने मानतात. एकोणिसाव्या शतकात ती आधी बॅगपाइप वादकांकडे आणि मग एकूणच सैन्यात पोचली. माथ्यावर गोंडा, डाव्या बाजूला काळ्या फितीच्या फुलावर बिल्ला, आणि टोपी किंचित उजवीकडे कललेली, ही ती घालण्याची रीत आहे. काही पलटणींच्या ग्लेनगॅरीला लाल-पांढऱ्या चौकटींची पट्टी असे, तर ब्लॅक वॉच पलटणीची साधी गडद निळी असे. याच चौकटींवरून 1932 मध्ये ग्लासगोचे पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो यांनी पोलिसांच्या टोपीसाठी काळी-पांढरी पट्टी घेतली, आणि पुढे ती ऑस्ट्रेलियापर्यंत गेली.

या बिल्ल्यांपैकी एकाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. हायलंड लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर हत्ती आणि ‘असई’ हे नाव कोरलेले असे. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत या पलटणीच्या पूर्वीच्या 74 व्या रेजिमेंटची मोठी हानी झाली होती, त्याचे ते स्मरणचिन्ह होते.

गोल, पसरट बॅलमोरलचे नाव राजघराण्याच्या बॅलमोरल किल्ल्यावरून पडले. टॅम ओ’शँटर हे रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतील नायकाचे नाव असून, तो वादळी रात्री घोड्यावरून घरी निघतो तेव्हा आपली निळी बॉनेट घट्ट धरून ठेवतो. पहिल्या महायुद्धात या टोपीचा खाकी प्रकार सैन्यात आला. 2006 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये बटालियन ओळखायची ती त्या टोपीवरील तुऱ्याच्या रंगावरून. ब्लॅक वॉचचा तुरा लाल आहे.

नागरी पोशाखात पिसांचा संकेत कटाक्षाने पाळला जातो. कुळप्रमुख गरुडाची तीन पिसे लावतो, त्याखालचा शाखाप्रमुख दोन, आणि स्वतःचे अधिकृत कुलचिन्ह असलेला एक. साध्या कुळबांधवाने पीस लावायचे नसते. त्याने पट्टा-बकलाच्या वेढ्यात प्रमुखाचे चिन्ह असलेला बिल्ला लावायचा असतो, आणि हा वेढाच तो प्रमुख नसून त्याचा अनुयायी असल्याचे सांगतो. फुटबॉलच्या सामन्यांना आणि पर्यटकांच्या डोक्यावर दिसणारी, खाली लालसर केसांचा टोप जोडलेली चौकटीची टोपी हे या परंपरेचे विडंबन असून स्कॉटिश लोक ते स्वतःही हौसेने मिरवतात.