पुलाखालची घरटी कोणाची: भिंगरीची की पाकोळीची?

संध्याकाळी गिरणेच्या किंवा पांझरेच्या पुलावरून खाली डोकावलं, की काळसर, लांब पंखांचे छोटे पक्षी पाण्यावर भिरभिरताना दिसतात. कोणी त्यांना पाकोळ्या म्हणतं, कोणी भिंगऱ्या. बहुतेकांच्या लेखी दोन्ही एकच. त्या वेगात ओळख पटणं अवघडच असतं. पण पुलाच्या पोटाशी चिकटलेली घरटी बघितली, की घोटाळा मिटतो. मातीचं घरटं भिंगरीचं, पिसं-काड्यांचं पाकोळीचं.

हा फरक पडतो पायांमुळे. पाकोळीचे पाय फार आखूड. तिला ना जमिनीवर धड चालता येतं, ना तारेवर बसता येतं. उभ्या भिंतीला नख्यांनी लटकायचं, एवढंच त्या पायांचं काम. चिखल आणायला खाली उतरणं तिला जमणारच नाही. म्हणून ती सामान हवेतच गोळा करते. वाऱ्यावर उडणारी पिसं, गवताच्या काड्या, जे हलकं चोचीत सापडेल ते आणायचं आणि लाळेने चिकटवायचं. विणीच्या दिवसांत तिच्या लाळग्रंथी मोठ्या होतात आणि ती लाळ वाळून कडक बनते. घरटं दिसायला अगदीच गबाळं असतं: पिसं लोंबणारा गोळा आणि एका अंगाला आत शिरायला फट. एकाला एक चिकटून अशा गोळ्यांचा घोसच तयार होतो. जुन्या किल्ल्याच्या दरवाजाची कमान किंवा देवळाचं छतही तिला चालतं. पिल्लं उडून गेली तरी ती घरटं सोडत नाही. वर्षभर रात्रीच्या मुक्कामाला तिथेच येते. अशा आयत्या घरात कधी चिमणीही घुसते.

वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर पाकोळीची एक नातलग राहते. तिच्या घरट्यांत लाळ इतकी, की ती घरटी खाण्यासाठी विकली जातात, म्हणून त्यांची तस्करी झाली होती. आपल्या पुलाखालच्या पिसांच्या गोळ्याला तसलं गिऱ्हाईक नाही, हे बरंच आहे.

भिंगरीचे पाय छोटे असले तरी कामाचे. ती काठावरच्या ओल्या चिखलात उतरते, चोचीत गोळी घेते आणि भिंतीवर थापते. धाब्याच्या घराची मातीची भिंत घालताना खालचा थर वाळू देतात, तसंच तिचंही काम. घाई केली तर सगळंच खाली येईल. आत गवत आणि पिसांची गादी. घाट मात्र जातीप्रमाणे बदलतो. तारवाली भिंगरी, म्हणजे तांबड्या टोपीची आणि शेपटीला दोन बारीक तारा असलेली, रस्त्याच्या मोरीखाली अर्ध्या वाटीसारखं उघडं घरटं करते. लालबुडी भिंगरीचं घरटं छताला आडव्या लावलेल्या सुरईसारखं, लांब नळीच्या तोंडाचं. गळ्यावर रेघा असलेली तिसरी जात वसाहत करून राहते. मोठ्या पुलाखाली तिची मातीची घरटी शेकड्यांनी एकमेकांना खेटलेली असतात.

घरटं दिसत नसेल तर विजेच्या तारांकडे बघा. हिवाळ्यात शेताकडेला तारांवर रांगेने बसतात त्या भिंगऱ्याच. त्यांतल्या माळभिंगऱ्या उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या असतात, त्यांचं घरटं इथे शोधू नका. पाकोळी तारेवर कधीच दिसणार नाही. आभाळात तिचे पंख कोयत्यासारखे ताठ, कमरेवर पांढरा पट्टा आणि शेपूट आखूड. भिंगरीची शेपूट बहुधा दुभंगलेली असते. दिसण्यातलं हे साम्य उडते किडे पकडण्याच्या एकाच धंद्यातून आलं आहे, नात्यातून नाही. भिंगरी चिमणीच्या गणातली, तर पाकोळीचं जवळचं नातं अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी.

पायांचा हा फरक आणखी एका वेळी लक्षात ठेवावा. पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली, की लोकांना वाटतं पंख मोडला. कित्येकदा तिला नुसतं जमिनीवरून उडायला जमत नसतं. तिला हवेत भिरकावू नका. उघड्या जागी तळहातावर उंच धरा किंवा भिंतीला लटकू द्या. धड असेल तर ती आपणच झेपावते.