बाजूचा एक्स-रे आधी बघा

पाठदुखीसाठी साठीतला माणूस एक्स-रे काढतो, रिपोर्टवर येतं 'स्कोलिओसिस, कॉब अँगल ४६ अंश', म्हणजे कणा बाजूला बाकलेला, आणि घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, बाक वाढत जाऊन हृदय-फुफ्फुसं चेपतील, आत्ताच ऑपरेशन उरकून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणालाच खिळतो. दोघंही भांडतात ते ४६ या आकड्यावरून. प्रौढ वयात ऑपरेशन करायचं की नाही, हे त्या आकड्यावर फारच कमी ठरतं.

आकडा येतो कुठून ते आधी पाहू. अमेरिकन अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली ही पद्धत मांडली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सर्वांत कललेले मणके निवडायचे, त्यांच्या कडांना लागून दोन रेषा काढायच्या आणि त्या रेषांमधला कोन मोजायचा. १० अंश किंवा त्याहून जास्त भरला तर स्कोलिओसिस. एकच फिल्म दोन डॉक्टरांनी मोजली तरी ५ अंशांपर्यंत फरक पडतो, म्हणून गेल्या वर्षीचे ४६ यंदा ४९ झाले याला 'वाढ' म्हणता येत नाही. शिवाय फिल्म उभ्यानं काढलेली हवी. आडवं झालं की बाक थोडा उलगडतो आणि आकडा कमी दिसतो.

प्रौढांत दोन वेगळे प्रकार दिसतात. एक, किशोरवयात सुरू झालेला आणि अंगातच राहिलेला बाक. दुसरा, पन्नाशीनंतर नव्यानं आलेला. मणक्यांमधल्या गाद्या एका बाजूनं जास्त झिजतात आणि कंबर त्या बाजूला कलते. पहिल्या प्रकाराबद्दल अमेरिकेतल्या आयोवा इथल्या संशोधकांनी उपचार न घेतलेल्या रुग्णांचा ५० वर्षं मागोवा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६१ टक्के जणांना जुनाट पाठदुखी होती. बाक नसलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. पण बहुतेकांचं आयुष्य, नोकरी, संसार नीट चाललेला होता. धाप लागण्याचा संबंध दिसला तो छातीचा बाक ८० अंशांच्या पुढे गेलेल्यांत. म्हणजे कमरेच्या ४६ अंशांनी हृदय चेपत नाही. त्याच गटाच्या आधीच्या निरीक्षणानुसार शरीराची वाढ थांबल्यावर ३० अंशांखालचे बाक सहसा वाढत नाहीत, आणि छातीतले ५० ते ७५ अंशांचे बाक वर्षाला पाऊण ते एक अंश या गतीनं वाढत राहतात. तिशीतल्या माणसाला हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण वय वाढेल तसा बाक ताठर होतो आणि ऑपरेशनात तेच काम करायला जास्त मणके एकमेकांना जोडावे लागतात.

आता खऱ्या मुद्द्याकडे. पुढून काढलेल्या एक्स-रेत इंग्रजी 'एस'सारखा बाक दिसतो आणि नजर तिथेच अडकते. पण बहुतेकदा माणूस थकतो तो बाजूनं काढलेल्या फिल्ममध्ये दिसणाऱ्या बिघाडामुळे. बाजूनं पाहिलं तर निरोगी कंबर आत वळलेली असते. या वळणामुळेच डोकं कटिभागाच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, बरोबर वर तोललं जातं. गवंड्यासारखा ओळंबा मानेच्या सातव्या मणक्यापासून सोडला, तर तो त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडाच्या, वरच्या मागच्या कोपऱ्याजवळ पडायला हवा. तो ५ सेंटिमीटरपेक्षा पुढे पडला, तर तोल पुढे गेलाय असं धरतात.

वळण किती हवं हे प्रत्येकाच्या कटिभागाची ठेवण ठरवते. त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठभागाच्या मध्यातून त्याला लंब काढायचा, त्याच बिंदूपासून खुब्याच्या सांध्यांच्या केंद्राकडे दुसरी रेषा काढायची. या दोन रेषांमधला कोन म्हणजे पेल्व्हिक इन्सिडन्स. मोठेपणी तो जवळपास बदलत नाही, पण माणसागणिक वेगळा असतो. साधारण नियम असा की कमरेचं वळण या कोनाच्या १० अंशांच्या आतबाहेर असावं. कोन ५५ आणि झिजेमुळे वळण २५ वर आलेलं, तर ३० अंशांची तूट. ही तूट शरीर कशी भरून काढतं? आधी कटिभाग मागे फिरतो, नितंब सपाट दिसू लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर माणूस गुडघे वाकवून उभा राहतो. मांडीचे आणि पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. सकाळी ताठ असलेला माणूस संध्याकाळी पुढे झुकतो, ओट्याला कोपर टेकल्याशिवाय भाजी चिरता येत नाही. ही थकव्याची वेदना गोळीनं जात नाही, कारण इथे स्नायू क्षणभरही मोकळा होत नाही.

इथे एक फसगत होते. नसांची नळी अरुंद झालेला माणूसही पुढे झुकतो, कारण झुकल्यावर नळी थोडी रुंदावते. त्याच्या पोटऱ्यांत चालताना गोळे येतात आणि बसलं की आराम पडतो. अशा काहींचा ओळंबा नुसता नसांवरचा दाब काढल्यावर बराच मागे येतो, मणके धरून ठेवणाऱ्या सळ्या घालाव्याच लागत नाहीत. पण मणका बाजूला घसरलेला असेल, तर नुसता दाब काढल्यानं बाक वाढू शकतो. नक्की कोणती नस दुखतेय हे शोधायला तिच्याजवळ बधिरतेचं इंजेक्शन देतात. काही तास पायाचं दुखणं थांबलं, तर गुन्हेगार सापडला.

पूर्वी सळ्यांनी वळणच मोडलं जायचं. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांच्या सळीनं कणा लांबवून बाक सरळ व्हायचा, पण ती सळी कमरेपर्यंत नेली की आतलं वळण सपाट व्हायचं आणि वर्षांनंतर तेच रुग्ण पुढे झुकून परत यायचे. आज उलटी चूक होऊ शकते. म्हातारपणी वळण जास्त भरून दिलं, तर सळ्यांच्या वरच्या टोकापाशी ताण एकवटतो आणि त्याच्या वरचा मणका पुढे कोलमडतो. म्हणून सत्तरीच्या माणसाला चाळिशीचा कोन देत नाहीत.

सळ्या आणि स्क्रू हा तात्पुरता सांगाडा असतो, घराला स्लॅब सुकेपर्यंत टेकू लावतात तसा. खरं काम मणक्यांचं हाड एकमेकांशी जुळण्याचं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलंच नाही, तर प्रत्येक पावलाला सळी सूक्ष्म वाकत राहते आणि पुन्हापुन्हा वाकवलेल्या तारेसारखी एक दिवस तुटते. ही तुटफूट बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर कळते. सर्वांत हट्टी जागा कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली. म्हणून तिथे गादीच्या जागी आधाराचा छोटा पिंजरा (केज) बसवतात आणि जादा सळ्या घालतात.

निकोटीन हाड जुळू देत नाही. आपल्याकडे सिगारेटची चौकशी होते, मशेरीची होत नाही. अनेक घरांत आजी रोज सकाळी मशेरी लावते आणि तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. ऑपरेशनच्या निदान चार-सहा आठवडे आधी ती बंद व्हायला हवी आणि हाड जुळेपर्यंत बंदच राहायला हवी. हाडांची घनताही तपासायला हवी, पण कमरेच्या डेक्सा तपासणीवर विसंबू नका. झिजेमुळे वाढलेल्या हाडांच्या टोकांनी तिथला आकडा फसवा चांगला येतो. खुब्याचा किंवा मनगटाजवळचा आकडा पाहावा. हाड ठिसूळ निघालं, तर आधी काही महिने औषध, मग स्क्रू.

लुळेपणाच्या भीतीचं काय? गुंतागुंतीच्या प्रौढ ऑपरेशनांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या २७२ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे २२ टक्के जणांच्या पायांची ताकद रुग्णालयातून घरी जाताना आधीपेक्षा कमी भरली. सहा महिन्यांनी हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. ही अवघड ऑपरेशनं होती आणि घट म्हणजे पूर्ण लुळेपण नव्हे. पण धोका खरा आहे, तो कुणी 'काही होत नाही' म्हणून झटकू नये. तितकाच राग येतो 'बिनऑपरेशन मणका सरळ' अशा जाहिरातींचा. मान-पाठ मोडताना जो 'कट्' आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. त्यानं मणका जागेवर येत नाही, आणि साठीतला झिजलेला बाक कमरेच्या पट्ट्यानंही सरळ होत नाही. व्यायामानं स्नायूंची ताकद वाढते, वेदना कमी होऊ शकते, कोन बदलेल ही अपेक्षा ठेवू नये.

पाऊल उचलताना लटकतंय, लघवीवरचा ताबा सुटतोय किंवा जांघेत बधिरपणा आलाय, तर चर्चेत दिवस न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. इतरांना विचार करायला वेळ असतो. त्या वेळात सर्जनला एक प्रश्न नेमका विचारावा: सळ्या वर कुठल्या मणक्यापर्यंत आणि खाली कुठपर्यंत? खालचं टोक कमरेच्या चौथ्या मणक्यावर थांबलं, तर खाली दोन हलते सांधे उरतात. कटिभागापर्यंत गेलं, तर कमरेतून वाकणं संपतं आणि वाकायचं ते फक्त खुब्यातून. मांडी घालणं खुब्यांच्या लवचिकतेवर अवलंबून राहतं. उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही, म्हणजे देशी संडास बंद आणि कमोड हवाच. मोजे चढवायला, पायाची नखं कापायला, धुताना मागे हात पोचायला अडचण होते. लांब दांड्याची साधनं आणि हातात धरायचा फवारा घरी ऑपरेशनच्या आधीच बसवून, आठवडाभर ते वापरून पाहावं.