मेण, तेल आणि ओठ : घरच्या लिप बाममागचा इतिहास

घरी लिप बाम करायला घेतला की समोर चार-पाच वस्तू असतात. मधमाशीचं मेण, एखादं तेल, कोको किंवा शिया बटर, थोडा रंग, थोडा वास. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सगळं वितळतं, डबीत ओतलं की थोड्या वेळात गोठतं. कृती इतकी साधी, की ती आहे तशीच पूर्वापार चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात यातला एकेक पदार्थ कुठल्या तरी अडचणीवर उपाय म्हणून वेगवेगळ्या काळात आत आला आहे. मी बरीच वर्षं घरी बाम करते. पदार्थ का आला हे कळायला लागलं, तेव्हापासूनच माझा बाम नीट जमायला लागला. म्हणून ही पार्श्वभूमी.

मुळात ओठांनाच वेगळं काही का लागतं? चेहऱ्याच्या इतर त्वचेत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी असतात. त्यांचा पातळ स्निग्ध थर त्वचेतलं पाणी उडू देत नाही. ओठांच्या लाल भागात घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या जवळजवळ नसतात, आणि वरचं आवरणही फार पातळ असतं. थंड, कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. मग आपण जीभ फिरवतो, लाळ वाळताना ओठ आणखी कोरडे पडतात, पुन्हा जीभ फिरते. या चक्राला अडवायला बाहेरून एक थर हवा. तो ओठांवर टिकला पाहिजे, पण बोलता-हसताना तडकता कामा नये. नुसतं तेल टिकत नाही, नुसतं मेण तडकतं. दोन्ही एकत्र वितळवले की मधलं काहीतरी मिळतं, आणि हे माणसाला फार लवकर उमगलं.

मधमाशीचं मेण हा त्या काळी सहज मिळणारा सर्वांत विश्वासू पदार्थ होता. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या आठ ग्रंथी असतात. त्यांतून बारीक पांढरट खवले बाहेर येतात आणि माश्या ते चावून पोळं बांधतात. पिवळा रंग नंतर येतो, परागकणांमुळे आणि माश्या गोळा करतात त्या चिकट राळेमुळे. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे अंगाच्या उष्णतेनं मऊ पडतं पण वाहत नाही. ते सहसा खवट होत नाही. इ. स. ७९मध्ये मरण पावलेल्या रोमन लेखक प्लिनीनं मेण समुद्राच्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवून पांढरं करण्याची रीत लिहून ठेवली आहे. आज आपण दुकानातून पांढरे मेणाचे दाणे आणतो, त्यामागची हौस एवढी जुनी आहे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलन या ग्रीक वैद्याच्या नावावर मेण-तेलाचं एक प्रसिद्ध मलम आहे. एक भाग मेण, तीन ते चार भाग तेल, आणि घोटता घोटता सामावेल तेवढं पाणी. त्वचेवर लावल्यावर पाणी उडून गारवा येई, म्हणून पुढे युरोपात त्याला कोल्ड क्रीम म्हणू लागले. यातलं पाणी वगळा, आणि आजच्या घरगुती लिप बामचं प्रमाण जवळजवळ तेच दिसेल. पाणी वगळणं मात्र महत्त्वाचं आहे. पाणी असलं की बुरशी आणि जंतूंना वाव मिळतो. बिनपाण्याच्या बामला जंतुरोधक घालावं लागत नाही.

ही कल्पना एकाच ठिकाणची नव्हती. सुश्रुतसंहितेत ओठांच्या रोगांचं स्वतंत्र वर्णन आहे. वाताने बिघडलेले ओठ खरखरीत, ताठर, काळपट होतात आणि त्यांना भेगा पडतात, असं तिथं म्हटलं आहे. त्यावर तूप, तेल, वसा (चरबी) आणि मज्जा (हाडांतला मगज) या चार स्नेहांत मेण मिसळून चोळायला सांगितलं आहे. मेणाला तिथं मधूच्छिष्ट म्हणतात, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरलेलं. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात ते कुठून आलं हेच सांगून टाकलं आहे. ग्रीकांचा मेण-मलमाचा शब्द 'केरोते' अरबीत 'कैरूती' झाला. युनानी वैद्यकात मेण आणि तेलाच्या मलमाला अजूनही कैरूती म्हणतात. आपला 'मलम' हा शब्दही अरबी 'मरहम'वरूनच आला.

पण या मलमाला एक खोड होती. मेण टिकायचं, तेल मात्र खवट व्हायचं. ऑलिव्ह तेलाच्या जागी बदामाचं तेल आलं, वास सौम्य झाला, तरी मूळ अडचण तशीच. एकोणिसाव्या शतकातले औषधविक्रेते मलमासाठी लागणाऱ्या चरबीत लोबानाची राळ घालत. वासासाठी तर होतीच, पण त्यामुळे चरबी उशिरा खवटते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज तेच काम आपण ई जीवनसत्त्वाच्या दोन-चार थेंबांनी करतो. त्याचा शोध १९२२ सालचा, कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी लावलेला. अनेक कृतींमध्ये त्याला सरसकट 'प्रिझर्व्हेटिव्ह' म्हटलेलं असतं, ते बरोबर नाही. ते तेलाचं खवटणं लांबवतं. बुरशीवर त्याचा उपयोग नाही.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या युरोप-अमेरिकेतल्या ओठांच्या मलमात मेण आणि बदामाच्या तेलाबरोबर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक स्पर्मासेटी, दुसरी रतनजोतच्या जातीतली अल्कानेटची मुळी.

स्पर्मासेटी म्हणजे स्पर्म व्हेल या प्रचंड देवमाशाच्या डोक्यातल्या तेलापासून वेगळा केलेला मेणासारखा पांढराशुभ्र पदार्थ. मधमाशीच्या मेणापेक्षा तो कमी तापमानाला वितळतो, कमी चिकट असतो, आणि मलमाला रेशमी सफाई आणतो. लोकांना तो का हवा असायचा हे बाम करणाऱ्याला लगेच समजतं. नुसत्या मेण-तेलाचा बाम ओठांवर किंचित ओढल्यासारखा लागतो, ती ओढ स्पर्मासेटीनं जायची. पण त्यासाठी व्हेल मारले जात होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं व्हेलपासून बनलेल्या वस्तूंची आयात बंद केली आणि पर्यायाचा शोध गंभीरपणे सुरू झाला. त्यातून एक वाळवंटी झुडूप पुढे आलं, होहोबा. त्याच्या बियांतून निघतं त्याला आपण तेल म्हणतो खरं, पण रासायनिकदृष्ट्या ते द्रवरूप मेण आहे, आणि म्हणूनच ते सहज खवटत नाही. घरच्या बामच्या कृतीत होहोबाचं नाव वाचलं की मला तो इतिहास आठवतो. एका प्राण्याची जागा एका बीनं घेतली, ही या सगळ्या कथेतली मला सर्वांत समाधान देणारी घटना आहे.

अल्कानेटची मुळी रंगासाठी. ती कोमट तेलात घालून ठेवली की तेल गडद लाल होतं, कारण तिचा रंग स्निग्धातच उतरतो, पाण्यात नाही. जुन्या लोकांनी हाच रंग का निवडला, याचं उत्तर इथं आहे. आज बऱ्याच कृतींमध्ये बिटाचा रस किंवा पूड घालायला सांगतात. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा, तेलात तो उतरतच नाही. बाम गोठल्यावर तळाशी लाल गाळ बसतो आणि वरचा भाग पिवळाच राहतो. मधाचंही तसंच. मी पहिल्यांदा मध घालून बाम केला तेव्हा डबीच्या तळाशी चिकट थेंब साचले होते, आणि मला वाटलं माझं ढवळणं कमी पडलं. मध तेलात विरघळत नाही, एवढंच त्याचं कारण होतं.

त्या काळी प्रत्येकीकडे औषधविक्रेत्याचं मलम नसायचं. १८३०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी वापरल्या जाणाऱ्या, लिडिया मारिया चाइल्ड यांच्या काटकसरीच्या संसारावरील पुस्तकात फुटलेल्या ओठांना कानातला मळ लावून गुण येतो असं लिहिलं आहे. लोक याला हसतील याची लेखिकेला जाणीव होती, तरी तिनं ते लिहिलं. आज वाचून अंगावर काटा येतो. पण मेणचट, स्निग्ध, आणि पैसे न लागणारं असं काहीतरी शोधणाऱ्या बाईची निकड त्यात स्पष्ट दिसते.

कोको बटरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांनी कोकोच्या बियांतून चरबी दाबून वेगळी काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांना हवी होती कोकोची हलकी पूड, चरबी बाजूला निघाली. ही चरबी खोलीत घट्ट राहते आणि साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या किंचित खाली. औषधविक्रेत्यांना असंच काहीतरी हवं होतं. तिच्यात एक कटकट आहे. ही चरबी वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते, त्यामुळे चुकीच्या पद्धतीनं थंड झाली तर बाम रवाळ होतो. शिया बटरचंही तेच, विशेषतः सावकाश थंड होताना. बाम रवाळ झाला तर फेकून देऊ नये. पुन्हा पूर्ण वितळवावा आणि ओतल्या ओतल्या लगेच थंड जागी ठेवावा.

मग पेट्रोलियम आलं, आणि मेण-तेलाची दोन हजार वर्षांची सद्दी जवळजवळ संपली. रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ व्हेलच्या तेलापासून दिव्याचं तेल काढण्याच्या धंद्यात होता. खनिज तेलाच्या शोधानं तो धंदा बुडणार हे दिसल्यावर १८५९मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. तिथं पंपाच्या दांड्यांना काळं, मेणचट किटण चिकटायचं. कामगार त्याला शिव्या देत ते खरवडून काढत, पण कापलं-भाजलं की तेच लावत. चेसब्रोनं ते शुद्ध करत नेलं आणि १८७२मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. हा पदार्थ खवट होत नाही, त्याला वास नाही, आणि त्वचेतलं पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचं दुसरं क्वचितच काही आहे. 'नैसर्गिक'ची बाजू घेणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं. गेलनपासूनची खवटपणाची अडचण यानं एका फटक्यात सोडवली. पुढे १८८२मध्ये जर्मनीत लोकरीच्या चरबीपासून शुद्ध लॅनोलिन काढण्याची रीत निघाली आणि मलमांच्या आधारद्रव्यांत तेही सामील झालं.

इथं साधारण असं सांगितलं जातं, की कारखाना आला आणि स्वयंपाकघर मागे पडलं. मला जे दिसतं ते याहून वेगळं आहे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग इथं चार्ल्स ब्राउन फ्लीट यांनी ओठांसाठी एक कांडी बनवली. वातीशिवायची बारकी मेणबत्ती चकचकीत वर्खात गुंडाळावी तशी ती दिसे. ती फारशी खपली नाही. १९१२मध्ये त्यांनी तिचे हक्क जॉन मॉर्टन या गावातल्याच माणसाला पाच डॉलरला विकले. मॉर्टनच्या बायकोनं ते गुलाबी मिश्रण घरच्या चुलीवर वितळवलं, छोट्या नरसाळ्यातून पितळी नळ्यांत ओतलं, थंड व्हायला पडवीत ठेवलं आणि गोठल्यावर कापून कांड्या केल्या. जगभर चॅपस्टिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालाचा धंदा असा उभा राहिला. हक्क विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव इतिहासात पूर्ण येतं, ज्या बाईनं नळ्या भरल्या तिचा उल्लेख बहुतेक ठिकाणी 'मिसेस मॉर्टन' एवढाच. हे मला सलतं.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमध्ये आल्फ्रेड वोल्बिंग यांनी स्वतःच्या ओठांवर उठणाऱ्या फोडांसाठी कार्मेक्स नावाचं मलम बनवलं, तेही घरच्या शेगडीवरच. दुसऱ्या महायुद्धात लॅनोलिन मिळेनासं झालं तेव्हा त्यांना काम थांबवावं लागलं. आणि १९८४मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात रोक्झान क्विम्बी आणि मधमाशीपालक बर्ट शॅविट्झ यांनी शिल्लक मेणाच्या मेणबत्त्या विकायला सुरुवात केली. १९९१मध्ये त्यांचा मेणाचा लिप बाम आला. त्यामागे एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती कृतींचं एक जुनं पुस्तक होतं, असं ती कंपनी सांगते. २००७मध्ये ब्लीच विकणाऱ्या क्लोरॉक्सनं त्यांची ही कंपनी, बर्ट्स बीज, ९० कोटींहून जास्त डॉलर देऊन विकत घेतली. पेट्रोलियमनं बाजूला सारलेलं मेण पुन्हा मागणीत येण्याला या बामचा मोठा हातभार लागला.

घरी बाम करण्याची आजची लाट याच्याही पुढची आहे, आणि तिच्यात एक गैरसमज पसरला आहे, की झाडातून आलं म्हणजे सौम्यच. पुदिना आणि दालचिनीचं सुगंधी तेल ओठांना झोंबतं आणि काहींचे ओठ त्यानंच फुटतात. बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचेवर डाग पडू शकतात. मेणात राहिलेल्या राळेची, लॅनोलिनची, अगदी एरंडेलाचीही काहींना ॲलर्जी असते. ओठ आधीच फुटलेले असतील तर बिनवासाचा बाम करावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रमाण अजमावण्यासाठी मी वितळलेल्या मिश्रणाचा एक थेंब थंड बशीवर टाकते. गोठल्यावर बोटानं दाबून तो भुगा झाला तर तेल वाढवते, नुसता पसरला तर मेण. मधमाशीच्या मेणाला एकास तीन-चार तेल चालतं. पण प्राण्यापासूनचं काही नको म्हणून आता पुष्कळजण कँडेलिया मेण वापरतात, जे मेक्सिकोतल्या एका झुडपापासून मिळतं, किंवा ब्राझिलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा. कँडेलिया ७० अंशांच्या आसपास वितळतं, कार्नौबा ८२च्याही वर. दोन्ही मधमाशीच्या मेणाहून कितीतरी कडक. तिथं गेलनचं प्रमाण चालत नाही. मेण बरंच कमी घ्यावं लागतं, आणि कार्नौबा तर चिमटीनंच.