सरळ पाय की सारखा ताण? गुडघा बदलण्यामागची जुनी ओढाताण

गुहागरकडच्या आमच्या वाडीत आत्याचा उजवा गुडघा बदलून आठ महिने झाले. एक्स-रे फिल्ममध्ये पाय अगदी ओळंब्यात आहे. तरी खळ्यातून जांभ्याची पायरी चढली की ती थांबते आणि म्हणते, "आतल्या बाजूनं कुणी दोरी आवळल्यागत वाटतं रे." सरळ पाय आणि आवळलेली दोरी एकाच गुडघ्यात कशी, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे सगळे 'वाटी बदलली' म्हणतात. खरं तर वाटी जागेवरच राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा कापून त्यांवर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती. सुरुवात मात्र बिजागरीने झाली. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. जंतुसंसर्गामुळे ते प्रयोग टिकले नाहीत. १९५०च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या. पण गुडघा नुसता दुमडत नाही, थोडा वळतोही. बिजागरीला ते वळण जमत नाही, सगळा पीळ हाडात रोवलेल्या खुंट्यावर येतो आणि खुंटा सैल होतो.

१९७०च्या सुमारास लंडनच्या मायकेल फ्रीमन यांनी बिजागरी सोडली, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला: आता गुडघ्याला धरून ठेवणार कोण? रुग्णाचे स्वतःचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे. म्हणून पाय सरळ असताना आणि काटकोनात दुमडलेला असताना, दोन्ही वेळी हाडांमधली फट सारखी आणि आयताकृती हवी, हा विचार रुजला. मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच दशकात न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि भारतात जन्मलेले चित्तरंजन रानावत यांनी आजच्या सांध्याचा पाया घातला. (२००० साली मुंबईत अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलणारे तेच रानावत.) खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेघ गुडघ्याच्या मधोमध जावी आणि नडगीचा माथा तिच्याशी काटकोनात कापावा, ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. मूळचा माथा आतल्या बाजूला साधारण ३ अंश उतरता असतो, हे तेव्हाही माहीत होतं. पण हत्यारं ढोबळ होती आणि आतल्या बाजूला भार वाढला की सांधा सैल होईल ही भीती खरी होती. सुरक्षित म्हणून काटकोन निवडला गेला.

त्याची किंमत अस्थिबंध मोजतात. फेंगड्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला बाक आलेल्या गुडघ्यात आतला अस्थिबंध आखडलेला असतो, बाहेरचा ढिला. हाडं कापल्यावर सर्जन फटीत मापाचा ठोकळा सारतो, घोटा धरून पाय आत-बाहेर दाबून बघतो. आतली बाजू उघडत नसेल तर तिथलं आवरण नडगीवरून थोडं थोडं सोडवतो, पुन्हा दाबतो. जास्त सुटलं तर गुडघा दगा देतो, कमी सुटलं तर आवळून राहतो. कितपत सोडवायचं, हे कित्येक वर्षं फक्त बोटांनाच कळत होतं. आता संगणक आणि रोबो तीच फट पडद्यावर मिलिमीटरमध्ये दाखवतात.

२००६च्या सुमारास कॅलिफोर्नियात स्टीफन हॉवेल यांनी उलटा मार्ग धरला: झिजण्याआधी पाय जसा होता तसाच सांधा बसवायचा, म्हणजे अस्थिबंध सोडवायची वेळ क्वचित येते. २०१२ साली बेल्जियमच्या योहान बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी २५० निरोगी तरुण-तरुणींचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच ३ अंश किंवा त्याहून जास्त फेंगडे निघाले. म्हणजे अशा माणसाचा पाय ओळंब्यात आणणं हे त्याच्यासाठी नवं वळण देणंच झालं. फार फेंगडा पाय तसाच ठेवला तर चकती किती टिकेल, हा वाद मात्र मिटलेला नाही. म्हणून मूळचा बाक किती ठेवायचा, याची मधली हद्द बरेच सर्जन ठरवून घेतात.

आत्याच्या डाव्या गुडघ्यासाठी पावसाळा संपला की चिपळूणला जायचं आहे. बाबा सांगतात, लावणीच्या दिवसांत बांधावरून येणारी आत्या लांबून चालीवरून ओळखू यायची. विसाव्या वर्षीही ती जरा फेंगडीच चालायची. फिल्म उजेडाला धरण्याआधी डॉक्टरांना मी हे सांगणार आहे.