कॉलेजच्या खर्चाचा हिशेब: पुण्याचा फ्लॅट आधी मांडा

ऑगस्ट लागला की आमच्या एडिसनच्या कार्यालयात एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "मुलीला आउट-ऑफ-स्टेट मिशिगनला पाठवू, की एखाद्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात? स्वस्त काय पडेल?" बहुतेक पालकांनी दोन्हीकडचे छापील आकडे काढून ठेवलेले असतात. मिशिगन या सरकारी विद्यापीठाचा, परराज्यातल्या मुलाला (म्हणजे आउट-ऑफ-स्टेट) राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या आसपास, तर विल्यम्स किंवा ॲमहर्स्ट या छोट्या खासगी लिबरल आर्ट्स (कला-विज्ञानाचं पदवी शिक्षण देणाऱ्या) कॉलेजांचा ९० हजारांच्या आसपास. निर्णय घरीच झालेला असतो, आमचा फक्त होकार हवा असतो. तो आम्ही लगेच देत नाही. काहींना याचा राग येतो, म्हणून कारण इथे सविस्तर लिहीत आहोत.

सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या मुलाला सहसा छापील किमतीच्या जवळपासच पैसे भरावे लागतात, कारण तिथली मदत आधी आपल्या राज्यातल्या मुलांकडे जाते. व्हर्जिनिया आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना हे ठळक अपवाद. ही दोन विद्यापीठं परराज्यातल्या मुलाचीही सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. अलाबामा मार्क आणि टेस्ट स्कोअरनुसार मेरिट स्कॉलरशिपचा तक्ताच जाहीर करतं. इलिनॉयला इंजिनिअरिंगची फी इतर शाखांपेक्षा जास्त, तर मिशिगनला शेवटच्या दोन वर्षांची फी पहिल्या दोन वर्षांपेक्षा जास्त असते. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा चारने गुणून भागत नाही. "एक वर्ष तिथे राहिला की इन-स्टेट होईल," म्हणजे त्या राज्याचा रहिवासी धरून फी कमी होईल, हेही आम्ही वारंवार ऐकतो. आईवडील न्यू जर्सीत आणि मुलगा नुसता शिकायला तिकडे, अशा स्थितीत ते सहसा होत नाही.

छोट्या कॉलेजांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. विल्यम्स आणि ॲमहर्स्ट फक्त गरज पाहून मदत देतात, मेरिटवर देत नाहीत. विल्यम्सने तर २०२२ मध्ये मदतीतलं कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची अट दोन्ही काढून टाकलं. मध्यम उत्पन्नाच्या घराला तिथला खर्च रटगर्सपेक्षाही (आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठापेक्षाही) कमी पडू शकतो. पण दोघं आयटीत आणि दोन भरभक्कम पगार असतील, तर तिथे पूर्ण किंमत भरण्याची तयारी ठेवा. अशा घरांना आम्ही ओहायोतली डेनिसन, वूस्टर, केनियन ही नावं सुचवतो, कारण तिथे मेरिटवरही सवलत मिळते. "ही नावं पुण्यात कुणी ऐकलेली नाहीत," असं आम्हाला सांगितलं जातं. तरी एकदा ती पाहून यावीत, असा आमचा आग्रह असतो.

आता ती चूक, जिच्यापायी दरवर्षी आमचे आणि तुमचे कित्येक दिवस वाया जातात.

प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमची माहिती भरली की तुमच्या घराला अंदाजे किती खर्च येईल ते तो सांगतो. पालक तो भरतात, पण 'इतर मालमत्ता' या रकान्यात शून्य टाकतात. "फ्लॅट पुण्यात आहे, अमेरिकेत थोडाच आहे?" लपवण्याचा हेतू कुणाचाच नसतो, ते डोक्यातच येत नाही. पण फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) आणि सीएसएस प्रोफाइल (बरीच खासगी कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठी मागतात तो अर्ज) दोन्हीकडे राहत्या घराखेरीजची मालमत्ता मोजली जाते, मग ती कोथरूडला असो की कणकवलीला. एनआरओ खात्यातली (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यातली) एफडीसुद्धा.

समजा फ्लॅट कर्जमुक्त आहे आणि त्याची किंमत २ लाख डॉलर आहे. सरकारी सूत्रात पालकांच्या मालमत्तेचा वर्षाला ५.६४ टक्क्यांपर्यंत वाटा धरतात. म्हणजे ११,२८० डॉलर. चार वर्षांचे ४५ हजारांवर. सीएसएसचं सूत्र थोडं वेगळं असतं, पण कॅल्क्युलेटरने दाखवलेलं स्वस्त कॉलेज तो भरताना असंच महागतं. तोवर डिसेंबर उजाडलेला असतो, निबंध लिहून झालेले असतात आणि सगळी यादी पुन्हा मांडावी लागते. मूल तोवर त्या कॉलेजात मनाने राहायलाही गेलेलं असतं. त्याला नाही म्हणताना आईवडिलांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत.

फ्लॅटवर कर्ज असेल तर ते वजा होतं. भावासोबत सामाईक असेल तर फक्त तुमचा हिस्सा धरतात. सातबाऱ्यावर नाव असेल, तर हिस्सा किती ते गावी विचारून ठेवा. उत्पन्नाच्या रकान्यात हातात पडणारा पगार लिहू नका. टॅक्स रिटर्नवरचा एजीआय (समायोजित एकूण उत्पन्न) लिहा. वर्षही तपासा: २०२६ च्या फॉलमध्ये जाणाऱ्या मुलाला २०२४ चं रिटर्न लागतं.

मूल एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकाच्या आश्रितांच्या व्हिसावर) असेल तर पहिल्या फोनवरच सांगा. त्याला फॅफ्साची मदत मिळत नाही आणि बरीच कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थी धरतात, त्यामुळे यादीच वेगळी होते. मुलाचा जन्म इथला असेल तर पालकांचा व्हिसा आड येत नाही.

म्हणूनच आम्ही आधी कागद मागतो आणि मगच कॉलेजांची नावं काढतो. पहिल्या भेटीला रिटर्न, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा कंपनीने दिलेला कागद), बँकेची स्टेटमेंट आणि भारतातल्या मालमत्तेचा अंदाज आणा. दोन तासांत सहा कॉलेजांचे कॅल्क्युलेटर आपण शेजारी बसून भरतो. आमची फी ठरलेली आहे आणि कुठल्याही कॉलेजकडून आम्ही कमिशन घेत नाही. अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं वचन देणारा, अर्ज करणार असाल तर सप्टेंबर संपायच्या आत या. त्या अर्जात प्रवेश मिळाला की दुसऱ्या कॉलेजशी किमतीची तुलना करायला वाव उरत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची मुदत १ नोव्हेंबरला संपते.